सव्वादोनचं माप

माझ्या हाताचं माप सव्वादोन आहे. म्हणजे काचेच्या बांगडीचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला जाईपर्यंत हे मला ठाऊक नव्हतं, कारण तोवर मी काचेच्या बांगड्या कधी भरल्याच नव्हत्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, तालुक्याच्या गावाला. सकाळी स्कूल बस आमच्या वस्तीच्या फाट्यावर यायची, आणि शाळेत हातात काही दिसलं तर मॅडम काढून ठेवायला लावायच्या. पुढे सवयच राहिली नाही. आईला ते आवडायचं नाही. पोरीच्या हातात काहीतरी वाजत असलं की घरात कोण कुठे आहे ते कळतं, असं तिचं म्हणणं. मी मुळात कमी बोलणारी, त्यात हातही मुके. माझी चुलती शेजारच्याच घरात राहते. ती मला हाका मारून थकली की म्हणायची, "हिला रेंजच न्हाई."

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडे. पेरूची बाग, थोडा ऊस, थोडा कांदा. चुलत बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बांगड्या भरायला कासारीण घरीच बोलावली होती. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. लग्नाच्या आधी नवरीला हिरवा चुडा भरतात, आणि तिच्यानंतर भावकीतल्या, पाहुण्यांतल्या सगळ्या बायका एकामागून एक कासारणीपुढे बसतात. चुलतीच्या पोर्चमध्ये सतरंजी टाकली होती. कासारणीने खोके उघडून ठेवले होते. तिच्याजवळ साबणाच्या पाण्याची वाटी होती आणि कडेला चहाचा कप, जो तिने शेवटपर्यंत प्यायला नाही.

तिचे हात मी बराच वेळ बघत राहिले. ती समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ आत दाबायची, पंजा दुमडून अगदी लहान मुलाच्या मुठीएवढा करायची आणि बोटांच्या हाडांवरून बांगडी हळूहळू पलीकडे न्यायची. सैल बांगडी भरणं तिला कमीपणाचं वाटत होतं. बांगडी मनगटावर वाजली पाहिजे पण हातातून निसटली नाही पाहिजे, असं ती प्रत्येकीला सांगत होती. चुलती म्हणाली, माझ्या हाताला तर आता गाडीचं टायरच लागंल. त्यावर सगळ्या हसल्या आणि कासारणीने हसत हसतच तिला तिच्या मापापेक्षा लहान बांगडी चढवली.

माझ्या आधी एक पाहुणी बसली होती. नेवाशाकडची, नवरीच्या आईच्या माहेरच्या नात्यातली. तिचा हात कामाने निबर झालेला. तिसरी की चौथी बांगडी चढताना तडकली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तेव्हा कुणीतरी "वाढवली, वाढवली" म्हणालं आणि काच गोळा झाली. त्या बाईच्या हातावर रक्ताचा थेंब आला होता. कासारणीने तो अंगठ्याने पुसला, अंगठा पदराला पुसला, आणि तिच्या बांगड्या पुऱ्या करून मला म्हणाली, ये.

मी बसले. माझा हात तिने हातात घेतला आणि नुसत्या स्पर्शाने सांगितलं, "सव्वादोन. बापरे, चिमनीचा हात हाय." मी हात आखडून धरला होता. ती म्हणाली, "सैल सोड बाई. घडीभर हा हात माझा हाय असं समज." एका बांगडीला माझ्या बोटाच्या मुळाशी खरचटलं. लाल रेघ उमटली. तिथून रक्त आलं होतं का, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं आणि आजही सांगता येत नाही. पुढची काही वर्षं मी तेच आठवायचा प्रयत्न करत राहिले.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत माझ्या मागे दोन बायका बोलत होत्या. त्या नेवाशाच्या बाईचा मालक ट्रकवर असतो, लांबच्या गाड्या करतो, आणि अलीकडे लई वाळलाय, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, काय की बाई, आजकाल कुनाचं काय सांगावं. तेवढंच. त्या लगेच बुंदीकडे वळल्या.

मला मात्र शाळेतला एक तक्ता आठवला. आमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एचआयव्हीचा तक्ता होता. तो कसा पसरतो, कसा पसरत नाही. शाळेत एकदा कुणी माहिती द्यायलाही आलं होतं आणि त्यांच्या पडद्यावरच्या एका चित्रात ट्रक होता. ते सगळं मी इंग्रजीत पाठ केलं होतं, परीक्षेत आलंही होतं, आणि मला पूर्ण गुण मिळाले होते. आता तो ट्रक, तो वाळलेला माणूस, तो थेंब, तो अंगठा आणि माझ्या बोटावरची रेघ हे सगळं एका ओळीत येऊन बसलं. मी ताट तसंच ठेवून उठले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस मी हात धूतच राहिले. आधी साबणाने, मग डेटॉलने, मग दोन्हीने. बांगड्या दुसऱ्या दिवशी मागच्या नळाशी दगडावर आपटून काढल्या. आईला सांगितलं की कॉलेजात चालत नाहीत. काच टोचू नये म्हणून ती पाच थरांच्या कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकली आणि मग वाटलं, उकिरड्यावर कोंबड्या येतात, कुणीतरी अनवाणी चालतं. पुन्हा जाऊन ती पुडी काढली आणि खड्डा करून पुरली.

ज्याला ही भीती माहीत नाही त्याला ती मूर्खपणाची वाटेल. मलाही वाटायची. एवढ्याशा गोष्टीने तो आजार होत नाही हे मला कळत होतं. मोबाईलवर मी जे जे वाचत होते त्यात तेच लिहिलेलं असायचं. पण वाचून झालं की मनातलं कुणीतरी विचारायचं, तुझ्याच बाबतीत झालं असेल तर? आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायची. ते सगळं इंग्रजीत चालायचं. आईला सांगायचं तर कुठल्या शब्दांत सांगणार होते? आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. फार तर "तो रोग" म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून.

शिकून झाल्यावर मला शिर्डीत एका हॉटेलच्या ऑफिसात काम मिळालं. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचे, पाहुण्यांशी फारसा संबंध नाही, म्हणून मी ते धरलं. पण शिर्डीत लाल रंगाला तोटा नाही. नोटेवर कुंकू लागलेलं असतं, बिलाच्या कोपऱ्यावर गुलालाचं बोट, जिन्याच्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकलेलं. मला ते प्रत्येक वेळी रक्तच दिसायचं. सगळ्यांच्या हातातून फिरणारा स्टेपलर मी वापरेनाशी झाले. स्वतःचा वेगळा आणला आणि कुलपात ठेवला. भुवया कोरायला जाणं बंद केलं. बसमध्ये कुणाच्या बोटाला पट्टी दिसली की मी उठून उभी राहायची. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, मॅडमना सीट चावली वाटतं.

आणि मी तपासण्या करायला लागले. पहिली नगरला केली, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. काही नव्हतं. त्या दिवशी मी एसटी स्टँडवर उसाचा रस प्यायले, बर्फ घालून, ग्लास न बघता. इतकं मोकळं वाटलं होतं. ते गावाच्या फाट्यापर्यंत टिकलं. बसमधून उतरताना वाटलं, तपासणी करताना जी सुई टोचली ती नवी होती का? पाकीट माझ्यासमोर फोडलं होतं का?

मग पुढची तपासणी, आधीच्या सुईची खात्री करायला. नगर लांब पडायचं, म्हणून पुढेपुढे मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायला लागले. तिथे ही तपासणी फुकट होते आणि एक समुपदेशक बाई बसतात. दाराबाहेर बाकावर गर्दी असते, त्यात बहुतेक गरोदर बायका, कारण त्यांची ही तपासणी करतातच. मी स्कार्फने चेहरा बांधून बसायची. आमच्याकडे स्कूटीवरच्या सगळ्याच मुली उन्हासाठी डोळे सोडून चेहरा बांधतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटत नाही. त्या बाई मला ओळखायला लागल्या होत्या. शेवटच्या वेळी त्यांनी रक्त घेऊच दिलं नाही. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला तो आजार नाही. दुसरा आहे. त्याचे डॉक्टर नगरला आहेत, तिकडे जा. इथे परत येऊ नकोस." त्या रागावल्या नव्हत्या. मी मान हलवली, आणि पुन्हा यायला लागू नये म्हणून आजच एकदा घ्या, अशी विनंती केली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं. मुलगा नेवाशाच्या पुढचा, पुण्याकडे कंपनीत नोकरीला. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली, पत्रिका जुळली. बाबांनी बागेतले निवडक पेरू क्रेट भरून त्यांच्या गाडीत ठेवले. घरच्यांच्या परवानगीने तो मला संध्याकाळी फोन करायचा. काय जेवलीस, आज ऑफिसात काय केलंस, असं साधंच विचारायचा. मीही साधंच सांगायची. पिठलं. भाकरी. बिलं. पण तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काही चालायचं नाही, आणि हे मला फोन ठेवल्यावर लक्षात यायचं. एकदा त्याने विचारलं, तुझं बांगडीचं माप काय, आई विचारते आहे. मी सांगितलं. सांगताना हाताला घाम आला, तरी सांगितलं. मला वाटलं, हे जमेल. त्याच्यासाठी मी हे करू शकेन.

मग फोन बंद झाले. दोनतीन दिवसांनी मध्यस्थ काका आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही म्हणतात. बाबांनी विचारलं की आधी कशी जमली होती. काका मग म्हणाले की मुलाच्या आपल्याच तालुक्यात दिलेल्या आत्याने सुनेला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, पहिलटकरीण आहे, त्या तपासणीच्या खोलीत. बाहेर तुमची स्कूटी उभी होती.

स्कूटीच्या मागे बाबांनी स्टिकर लावून घेतलं होतं. एक हिरवा पेरू, खाली आमच्या बागेचं नाव, गावाचं नाव आणि बाबांचा मोबाईल नंबर. ते तिथे कायमच होतं, इतकं की मला ते दिसतच नसे. मी चेहरा झाकला होता, चपलासुद्धा बदलून जायची, आणि बापाच्या नंबराची गाडी दारात लावून आत बसत होते.

त्याचा एक मेसेज आला. घरच्यांपुढे त्याचं काही चालत नाही, असं काहीसं. त्यात शेवटी लिहिलं होतं, काळजी घे. ते दोन शब्द मी खूप वेळा वाचले. मला तो रोग आहे हे त्यालाही खरंच वाटत होतं, ते त्या दोन शब्दांतून कळत होतं.

आईने लगेच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बागेत पेरू भरायचे होते. मजूर बायका गेल्यावर आम्ही दोघीच क्रेटच्या बाजूला राहिलो. ती एकेका पेरूला जाळी चढवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"कोन हाय तो?" तिने विचारलं.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानापासून तापले. म्हटलं, कुणी नाही.

"मी बापाला सांगनार न्हाई. खरं सांग. चूक झाली आसंल तर झाली."

मग मी सांगितलं. मराठीत, पहिल्यांदाच, सगळं. चुलत बहिणीचं लग्न, कासारीण, नेवाशाची बाई, थेंब, अंगठा, बोटावरची रेघ. मधेमधे शब्द सापडत नव्हते. हात धुण्याचं सांगितलं, पुरलेली काच सांगितली. आईचे हात थांबले होते. माझं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, "बांगडीनं?"

"बांगडीनं."

 मी तिच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. एखादा मुलगा असता, चूक असती, तर ते गावात कुणालाही समजलं असतं. बांगडी हे कुणालाही न पटणारं कारण होतं, आणि माझ्याकडे तेवढंच होतं. आईने पुढचा पेरू उचलला. नंतर कितीतरी वेळाने, जवळजवळ स्वतःशीच, ती म्हणाली, "काय बी आसू दे."

मग नगरचे डॉक्टर झाले. आई बरोबर आली आणि बाहेरच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. डॉक्टरांना माझं सांगणं नवं नव्हतं. मला त्याचंच नवल वाटलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि भीतीशी वागायची रीत शिकवली. भीती आली की धुवायला पळायचं नाही, वाचायला बसायचं नाही, तपासणी करायची नाही. ती येते, वाढते आणि कुणी काही केलं नाही तर आपोआप उतरते, हे बसून बघायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा ऑफिसातला सगळ्यांचा स्टेपलर मी हातात धरून बसले तेव्हा मला उलटी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. हळूहळू बसमध्ये बसायला लागले. कुंकू मला पुष्कळदा कुंकूच दिसायला लागलं. अजूनही कधी दिसत नाही, पण मी नळाकडे जात नाही, किंवा गेले तर एकदाच जाते.

पहिल्या दिवशी नगरहून परतताना एसटीत आईने विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले.

"भीतीचा आजार आहे म्हणाले."

"आनि तो?"

"तो नाही."

"बरं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला पटलं होतं की नाही, ते त्या "बरं"मधून मला कळलं नाही.

गावाला मात्र पटलं होतं. जे ऐकलं होतं तेच पटलं होतं. समोर कुणी काही बोलत नाही, पण मी हे सगळं फार जवळून ओळखते. चुलतीकडे गेले की सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा आणि मला कागदी. "धुवायचा तरास न्हाई," चुलती म्हणायची. मंदिरात माझ्या शेजारी बसलेली बाई पोराला दुसऱ्या मांडीवर घ्यायची. बसमध्ये माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची. मला राग यायला हवा होता. पण कुणी उठलं की मला दिसायचं ते त्याच्या चेहऱ्यावरचं हिशेब करणं. हात लागला का? कुठे लागला? ते मी इतकी वर्षं रोज केलं होतं. त्यांना मी काय सांगणार? एवढ्याने होत नाही, हे तर मला स्वतःलाही सांगून पटलं नव्हतं.

माझ्याकडे पुन्हा स्थळ आलं नाही. या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मोठीच्या आधी धाकटीचं का, हे कुणी विचारलं नाही, त्यावरून मला कळलं की सगळ्यांना माहीत आहे.

बांगड्या भरायला तीच कासारीण आली. आमच्या पोर्चमध्ये सतरंजी, तेच खोके, तशीच साबणाची वाटी. मी आत काम काढून बसायचं ठरवलं होतं. पण बहिणीचा चुडा भरून झाला आणि तिनेच तिथून हाक मारली, ताई, आता तू. ती आमच्यात लहान, तिला हे सगळं अर्धवटच कळत होतं. मी बाहेर आले. सतरंजीवर माझ्या मागे बसायला ज्या बायका होत्या त्यांत हालचाल झाली. एकीला फोन आला. एकीला चहा टाकायची आठवण झाली. चुलती म्हणाली, "माझं काय, मला बांगडी बसतच न्हाई आता." आणि ती मागे सरकून भिंतीला टेकली. कुणी हसलं नाही.

मी कासारणीपुढे बसले आणि सवयीने आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याला जुनी चीर होती. भीती आली. मी डॉक्टरांनी सांगितल्यासारखी तिला येऊ दिली.

तिने माझा हात घेतला, पण दाबला नाही. डाव्या बाजूच्या खोक्यातून हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझ्या बोटांवरून सरळ आत सोडल्या. त्या कुठेही न अडकता मनगटापर्यंत गेल्या. अंगठा दुमडावा लागला नाही, साबणाचं पाणी लागलं नाही. तिची कातडी माझ्या कातडीला जेमतेम लागली. हात वर केला तर त्या कोपराकडे घसरत होत्या, खाली केला तर पंजावर येत होत्या. त्या अडीचच्या होत्या.

सैल बांगडी तडकत नाही. कासारीण घाबरली होती, की मला घाबरवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, हे मला माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र हायसं वाटलं, हे खरं आहे. काच तडकणार नव्हती, कुणाला काही होणार नव्हतं, मी उठून आत जाणार होते. नमस्कार करायला मी वाकले.

आई दारात उभी होती. तिच्या हातात ओटीच्या तांदळाचं ताट होतं.

"तिचं माप सव्वादोन हाय," ती म्हणाली.

कासारीण म्हणाली, सैल बऱ्या असतात, उन्हाळ्याचे हात सुजतात. आईने ताट खाली ठेवलं.

"माप चुकलंय. काढ त्या. तिला सव्वादोनच्या भर, बाकीच्या पोरींना भरल्या तशा."

 कासारणीने बांगड्या उतरवल्या. त्या उतरवताना खोक्यात टाकायच्या की कुठे ठेवायच्या हे तिला ठरवता येईना, तिने त्या सतरंजीच्या कडेला ठेवल्या. मग तिने हात साबणाच्या पाण्यात बुडवले, माझा हात घेतला आणि अंगठ्याचं मूळ दाबलं. ती जुनी पकड होती. माझी हाडं तिच्या मुठीत एकमेकांजवळ आली. "सैल सोड," ती हळूच म्हणाली, पहिल्या वेळी म्हणाली होती तसं. पहिली बांगडी बोटांच्या हाडांवर अडली, दुखलं, आणि ती पलीकडे गेली. एकेक करून सगळ्या गेल्या. एकही वाढवली नाही. माझं सगळं लक्ष बोटाच्या मुळाशी होतं, जिथे कातडी ताणून पांढरी झाली होती.

मी उठले. माझ्यानंतर बसायला कुणी नव्हतं. तेव्हा आई येऊन बसली. नवरीची आई म्हणून तिने खरं तर बहिणीच्या पाठोपाठच भरायच्या होत्या, सकाळपासून सगळ्या तिला तेच सांगत होत्या आणि ती काही ना काही काम सांगून टाळत होती. आता मला वाटतं, ती माझ्यासाठीच थांबली होती. पण हे तिने कधी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

कासारीण नव्या बांगड्या काढायला खोक्याकडे वळली. आईने सतरंजीच्या कडेच्या बांगड्या उचलून तिच्यापुढे धरल्या, माझ्या हातातून उतरवलेल्या.

"या भर. माझं माप अडीचच हाय."

आईचे हात मला तोंडपाठ आहेत. कांदा काढण्याच्या दिवसांत तिच्या बोटांना चिरा पडतात, त्या भरून येईपर्यंत पुढचं काम येतं. त्या दिवशीही उजव्या अंगठ्याच्या बाजूला एक ओली चीर होती. माझ्या मनात जे आलं ते मला कुणापुढे सांगता येणार नाही, पण इथे लिहिते. मला वाटलं, आई, नको. ती काच आत्ता माझ्या हातावर होती. मला काही नाही हे मला ठाऊक असताना, माझ्याजवळ सगळ्या तपासण्या असताना, मला तिच्या हातातून त्या काढून घ्याव्याशा वाटल्या. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की ती बागेतल्या त्या दुपारीच थांबलेली आहे. कदाचित बांगडीचं तिने कधीच खरं मानलेलं नव्हतं. मला तो रोग असावा असंच तिला वाटत असेल, आणि तरी ती हात पुढे करून बसली होती.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि बघत राहिले. कासारणीने आईचा हात दाबला. आई फुटलेल्या बोटांनी अजिबात न आखडता बसली होती. बांगड्या एकामागून एक गेल्या. शेवटी कासारणीने स्वतःकडची एक जास्तीची वर घातली आणि आईने वाकून नमस्कार केला.

मग ती उठली आणि चुलतीला म्हणाली, चहा घ्यायचा ना, सगळ्यांचाच ठेवते. घरात तेव्हा पुरेसे स्टीलचे कप धुतलेले नव्हते. आई मोरीत बसून ते घासायला लागली. मी नळाशी गेले नाही. बाहेर उभ्या उभ्या मला तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता.